कार्डाची कड घासली की लव येते, टवके उडतात किंवा काहीच दिसत नाही: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावं

हाताने केलेल्या कार्डाला विंटेज लुक द्यायला कडा घासल्या आणि काम बिघडलं, की बहुतेक जण पहिल्यांदा पॉलिश पेपरचा नंबर (मोठा नंबर म्हणजे बारीक कण) बदलतात. १२० ने बिघडलं म्हणून २२०, त्याने जमेना म्हणून परत ८०. खरं कारण बहुधा कागदात, हातात किंवा पॉलिश पेपरच्या पाठीमागे जे धरलंय त्यात असतं. नंबरची पाळी बरीच नंतर येते. म्हणून आधी लक्षण ओळखा, मग खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमाने करा. पहिल्या तीन फुकट आहेत.

लक्षणं

- कितीही घासलं तरी रंग तोच राहतो, कड फक्त बोथट होते. (तपासणी १)
- कडेला लव येते, कागदाचे बारीक गोळे वळतात. (२, मग ३)
- कोपरा मागे दुमडतो किंवा फाटतो. (३)
- रंगाचा पापुद्रा टवक्याटवक्याने निघतो आणि खाली खडूसारखं पांढरं दिसतं. (१)
- आतला पांढरा थर दिसतो, पण रंगाची भुकटी त्यात चोळली जाऊन तो गुलाबट किंवा गढूळ होतो. लाल, मरून, नेव्ही ब्लू कागदावर हे हमखास. (३ आणि ४)
- फिकट कागदावर राखाडी-काळपट रेघा उमटतात. (६)
- एम्बॉस केलेली, म्हणजे दाबून उठवलेली नक्षी उठून दिसण्याऐवजी सपाट आणि पुसट होते. (५)
- घडीवर चीर जाते. (७)
- घासून झाल्यावर शाई लावली की तेवढ्याच जागी गडद डाग पडतात. (७)

१. कागद फाडून बघा

त्याच शीटची कात्रण घ्या आणि हाताने फाडा. कात्रीने कापू नका, कापलेल्या कडेवर आतलं काही कळत नाही. फाटलेल्या जागी पांढरे तंतू दिसले तर रंग फक्त वरच्या थरात आहे आणि घासल्यावर पांढरी कड मिळणार. तंतू वरच्याच रंगाचे असतील तर लगदाच रंगवलेला आहे. असा कागद दिवसभर घासला तरी आतून तोच रंग येणार. स्टेशनरीच्या दुकानात टिंटेड किंवा पेस्टल शीट म्हणून मिळणारे कागद बहुतेक याच जातीचे. त्यांच्यावर घासून जुनाटपणा येत नाही. कडेला तपकिरी किंवा राखाडी शाई स्पंजने लावावी लागते, आणि ते घासण्यापेक्षा सोपंही असतं.

आर्ट कार्डाच्या कागदावर चिनी मातीचा गुळगुळीत थर असतो. टवके उडतात ते त्याचे. त्यावर जाडा पॉलिश पेपर चालवला की थर भेगाळून पापुद्रे निघतात, म्हणून ३२० च्या खाली उतरू नका आणि हात अगदी हलका ठेवा. मेटॅलिक शीटवर फक्त चमक जाते, खाली मॅट रंग राहतो. कधीकधी तो दिसतोही छान, आधी कात्रणावर बघा. फॉइल आणि ग्लिटर शीट घासायचीच नाही. चकाकीचे कण सगळ्या टेबलभर होतात आणि पुढची आठ-दहा कार्डं खराब करतात.

घरी छापलेल्या नक्षीचं गणित वेगळं. लेझर प्रिंटरचा टोनर कागदाच्या वर बसलेला असतो, त्यामुळे दोन-चार हातांतच उडतो आणि विटकेपणा झकास येतो. इंकजेटची शाई साध्या कागदात मुरलेली असते. तिला जास्त घासावं लागतं, आणि ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदाला तेवढं घासणं झेपत नाही. असा पातळ कागद आधी २५० जीएसएमच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मगच घासा.

हातकागदाचं काय? १९४० साली सुरू झालेल्या पुण्याच्या हातकागद संस्थेचा असो की कुठल्याही सुती चिंध्यांचा, त्याचे तंतू लांब असतात. घासलं की ते तुटत नाहीत, उपटून वर येतात, म्हणून लव येणारच. तो कागद घासायच्या भानगडीत पडू नका. भिजवलेल्या ब्रशने पट्टीच्या कडेला पाण्याची रेघ ओढा, मिनिटभर थांबा आणि रेघेवर फाडा. पिसासारखी कड आपोआप मिळते.

२. कागद सादळलाय का

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर ही तपासणी सगळ्यात आधी करा. कागद हवेतलं पाणी ओढतो, तंतू फुगतात, त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते. मग पॉलिश पेपरचा कण तंतू कापत नाही, ओढून काढतो. मार्चमध्ये ज्या कागदावर, ज्या पेपरने सुंदर काम झालं, त्याच जोडीने जुलैत लव येते ती यामुळे.

शीटचा कोपरा धरून हलवा. कोरडा कार्डशीट कडक वाजतो, सादळलेला नुसता लवलवतो. दुसरी खूण म्हणजे शीट सपाट जागेवर ठेवली की कडा लाटेसारख्या उचललेल्या दिसतात.

उपाय: लागणाऱ्या शीट सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. पुड्या जुन्या असतील तर त्यांनीच आधी पाणी ओढून घेतलेलं असतं, त्या काही करणार नाहीत. घाई असेल तर हेअर ड्रायर एक वीतभर लांबून दोन्ही बाजूंनी फिरवा. एकाच बाजूने फिरवलात तर शीट वळते. वाळवल्यावर लगेच घासा, उघड्यावर ठेवलात की तासाभरात पुन्हा तेच. दुकानातून पावसात भिजत आणलेल्या पिशवीतला कागद त्याच दिवशी वापरायला घेऊ नका.

३. हात कसा चालतोय

कागद टेबलाच्या काठाला समांतर ठेवा. कड काठाच्या बाहेर २ ते ३ मिलिमीटरच डोकावू द्या, बाकी सगळा कागद तळहाताने दाबून धरा. पॉलिश पेपर साधारण ४५ अंशांत कलता ठेवून आतून बाहेर, खालच्या दिशेने एकदाच ओढा, उचला, परत आत आणा, परत ओढा. पुढे-मागे घासायचं नाही. परतीच्या हाताला कण कडेखाली शिरतो आणि पापुद्रा उचलतो. लव, दुमडलेले कोपरे आणि गढूळ रंग यांचं अर्ध्याहून जास्त मूळ या परतीच्या हातात आहे.

आतून बाहेर ओढण्याचा दुसरा फायदा म्हणजे रंगीत भुकटी कागदाबाहेर पडते. बाहेरून आत ओढलं की तीच भुकटी नुकत्याच उघड्या पडलेल्या पांढऱ्या तंतूंमध्ये दळली जाते, आणि मग ती कशानेही पूर्ण निघत नाही. साचलेली भुकटी मऊ, रुंद ब्रशने झटका. तळहाताने पुसू नका, हाताचं तेल आणि घाम लागून डाग बसतो. फुंकरही नको, थुंकीचे तुषार उडतात. थोडीफार गढूळ झालेली कड नीडेबल (कणकेसारखं मळता येणाऱ्या) खोडरबरने टिपून घ्या, घासून नव्हे.

कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी कोपऱ्याच्या टोकाकडे ओढा. टोकावरून आत आलात तर तो दुमडणारच.

जोर किती? पॉलिश पेपरच्या स्वतःच्या वजनाहून थोडा जास्त, बस. २५० जीएसएमच्या शीटवर पाच-सहा हातांत पांढरं दिसायला लागलं पाहिजे. वीस हात मारूनही दिसत नसेल तर जोर वाढवू नका, तपासणी १ कडे परत जा.

४. पॉलिश पेपर भरलाय का

कागदाची भुकटी हलकी आणि तंतुमय असते. ती कणांच्या मधल्या खळग्यांत गच्च बसते. भरलेला पेपर घासत नाही, कड नुसती घोटून चकचकीत करतो आणि आधीच्या कार्डाचा रंग पुढच्याला लावतो. निळं कार्ड घासलेल्या तुकड्याने क्रीम कार्ड घासणं हा तर ठरलेला घोटाळा. गडद आणि फिकट कागदांचे तुकडे वेगळे ठेवा आणि पाठीवर पेनाने लिहा.

साफ करायला कोरडा जुना टूथब्रश पुरतो. क्रेप सोलच्या जुन्या चपलेचा तुकडा असेल तर त्यावर पॉलिश पेपर घासा, कच्चं रबर भुकटी ओढून घेतं. साफ करूनही कण बोटाला टोचत नसतील तर तुकडा फेका. २३० × २८० मिलिमीटरची आख्खी शीट हार्डवेअरच्या दुकानात साधारण वडापावच्या भावात मिळते आणि तिचे कामाचे सोळा तुकडे होतात. इथे कंजुषी करून पन्नास रुपयांची स्क्रॅपबुक शीट वाया घालवण्यात अर्थ नाही. तुकडे करताना पाठीकडून कटर आणि स्टीलच्या पट्टीने कापा. कात्रीने कापलात तर कात्री गेली.

५. पॉलिश पेपरच्या मागे काय आहे

ही तपासणी सगळ्यात जास्त राहून जाते आणि निकालात सगळ्यात जास्त फरक पाडते. तोच १८० नंबर बोटाला गुंडाळून, स्पंजवर आणि लाकडी ठोकळ्यावर चालवा, तीन वेगळी हत्यारं वापरल्यासारखं काम होईल. मऊ पाठीचं हत्यार कागदाच्या चढउताराबरोबर वाकतं आणि खळग्यातही घासतं. कडक पाठीचं हत्यार फक्त उंच जागांना टेकतं.

एम्बॉस केलेल्या कार्डाला कडक पाठच हवी. एम्बॉसिंग फोल्डरने (नक्षी दाबायच्या प्लॅस्टिकच्या साच्याने) उठलेली नक्षी फार उंच नसते. त्यावर फोमचा सॅंडिंग स्पंज फिरवला की उंच रेषा आणि मधली जमीन दोन्ही सारख्या विटतात, आणि नक्षी होती की नव्हती असं होतं. ५ × ३ सेंटिमीटरची लाकडी ठोकळी घ्या, तिला पॉलिश पेपर ताणून गुंडाळा, मागे टेपने पक्का करा आणि नक्षीवर सपाट ठेवून एकाच दिशेने फिरवा. पेपर ढिला राहिला तर मधे फुगतो आणि ठोकळीचा उपयोग जातो. ठोकळी नसेल तर भरलेली काडेपेटी चालते. रिकामी घेऊ नका, ती दबते.

सरळ लांब कडांना ठोकळीच ठीक. वळणदार डायकट (साच्याने कापलेले आकार), पानं, टॅगचं भोक यांना नेल फायलर बरा. तो कडक आहे, टोकाला निमुळता आहे आणि बोटांत नीट बसतो. साधारण १००/१८० किंवा १८०/२४० असे दोन बाजूंचे दोन नंबर मिळतात, कागदाला दुसरी जोडी घ्या. धातूची नखं घासायची कानस नको. ती कागदाची कड कापण्याऐवजी दाबून चकचकीत करते. अगदी अरुंद जागेसाठी आइस्क्रीमच्या काडीला दुहेरी टेपने पॉलिश पेपरची पट्टी चिकटवली की काम भागतं.

मग फोमचा स्पंज कशाला? मोठ्या पृष्ठभागाला एकसारखा फिका, धुवून गेल्यासारखा रंग हवा असेल तर. तिथे ठोकळीच्या कडांचे चरे पडतात, स्पंजचे पडत नाहीत. भांडी घासायची हिरवी घासणी, अर्थात कोरी आणि कोरडी, हेच काम आणखी सौम्यपणे करते.

पात्याचं एज डिस्ट्रेसर मिळतं, ते घासत नाही, कड खरवडून फाडतं. पुठ्ठ्याच्या थरांच्या चिंध्या झाल्यासारखी कड हवी असेल तर ते घ्या. उघड्या कात्रीचं एक पातं कडेवर आडवं ओढलं तरी तेच मिळतं, म्हणून आधी कात्रीने करून बघा. २०० जीएसएमच्या खालच्या कागदाला दोन्ही नकोत. छोट्या फिरत्या ड्रिल मशीनची सॅंडिंग टोकं तर कागदाच्या वाटेला जाऊच देऊ नका. क्षणात खड्डा पडतो आणि उष्णतेने कड तपकिरी होते.

६. आता नंबर आणि रंग

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच नंबर बदला. नंबर जेवढा मोठा तेवढा कण बारीक. पी १२० चा कण सरासरी १२५ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी २२० चा ६८ चा, पी ४०० चा ३५ चा. २५० जीएसएमचा कार्डशीट साधारण ३०० मायक्रॉन जाड असतो आणि त्यावरचा रंगाचा थर त्याच्या अगदी थोड्या भागाएवढा, हे लक्षात घेतलं की ८० नंबर (२०१ मायक्रॉन) कागदाचं काय करतो ते कळतं. सुतारकामाचा डबा उघडून हाताला लागेल तो तुकडा घेतला की नेमका हाच हाती येतो.

कामाला तीनच नंबर पुरतात. जाड, ३०० जीएसएमच्या कडा आणि ठसठशीत खरवडलेला लुक यासाठी १५० किंवा १८०. बाकी जवळपास सगळ्याला २२०. आर्ट कार्ड, लेझर प्रिंट आणि शेवटचे दोन हात लव बसवायला ४००. पाठीवर नंबराआधी ‘पी’ आहे का तेही पाहा. ‘पी’ म्हणजे युरोपीय मोजणी. अमेरिकन मोजणीत २२० पर्यंत फारसा फरक नाही, पण पुढे वाढत जातो. अमेरिकन ३२० म्हणजे जवळपास पी ४००, आणि अमेरिकन ४०० म्हणजे जवळपास पी ८००. ‘४०० आणला तरी काही घासलंच जात नाही’ ही तक्रार कधीकधी इथून येते.

राखाडी-काळ्या रेघांचं कारण बहुतेक वेळा वॉटर पेपर. तो सिलिकॉन कार्बाइडचा, काळा-राखाडी असतो. त्याचे तुटलेले कण फिकट तंतूंत अडकतात. गाडीच्या पत्र्याला तो उत्तम, क्रीम कार्डाला नको. लाकूडकामाचा तपकिरी किंवा लालसर, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर मागा. पांढुरका थर दिलेला, न भरणारा पेपरही मिळतो. तो छान टिकतो, पण त्यातला मेणचट थर कागदाला लागून नंतर पाण्याची शाई नीट धरत नाही. शाई लावायची नसेल तर खुशाल वापरा.

७. क्रम चुकलाय का

आधी घडीची रेघ पाडा, मग घासा, भुकटी झटका, मग शाई, मग चिकटवणं. घासून झाल्यावर भुकटी राहिली तर डिंक आणि टेप दोन्ही दोन दिवसांत सुटतात. ओल्या गोंदावर घासलं तर वरचा कागद सुरकुत्या पडून सरकतो. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाला चिकटवल्यावर जड पुस्तकाखाली किमान दोन तास, पावसाळ्यात रात्रभर द्या. दुहेरी टेप कडेपर्यंत आणली असेल तर तिचा चिकटा पॉलिश पेपरला लागून तुकडा एका हातात बाद होतो. टेप कडेपासून ३ मिलिमीटर आत ठेवा.

घडीवर पांढरी रेघ फार सुंदर दिसते, म्हणून तिथे हात जास्त चालतो. पण घडीच्या बाहेरच्या बाजूचे तंतू आधीच ताणलेले असतात. ते घासून कापले की बिजागरीच जाते. कार्ड मिटलेलं ठेवून, ४०० ने, दोन किंवा तीन हात. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेला आडवी असेल तर तेवढेही नकोत. दिशा ओळखायला शीट दोन्ही बाजूंनी अलगद वाकवून बघा. जिकडे सहज वाकते, ती घडीची बाजू.

शाईचे गडद डाग यामुळे पडतात की घासलेला भाग उघडा, तहानलेला असतो आणि न घासलेल्या भागापेक्षा कितीतरी जास्त शाई पितो. स्पंज आधी रद्दी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा, कार्डाच्या बाहेरून सुरुवात करून गोल फिरवत आत या. गडद तपकिरी ऐवजी एक छटा फिकी घ्या. घासून मिळवलेली पांढरी कड शाईने पूर्ण झाकली जात असेल तर मुळात घासलं कशाला?

८. कागदच बदलायचा असेल

वर एक रंग आणि आत दुसरा, असे खास घासण्यासाठी बनवलेले कार्डस्टॉक परदेशी ब्रँडमध्ये मिळतात, पण महाग पडतात. घरी करायचं तर ३०० जीएसएमचा तपकिरी क्राफ्ट कार्ड घ्या, त्यावर पोस्टर कलरचा दाट पण पातळसर पसरलेला एक हात द्या आणि मागे साध्या पाण्याचा एक हात, म्हणजे शीट वळणार नाही. वाळत आला की दोन साध्या कोऱ्या कागदांत घालून पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी कोरडा वाजला की २२० ने घासा. पोस्टर कलरची भुकटी होते आणि खालून तपकिरी क्राफ्ट दिसतो. ॲक्रिलिक इथे त्रास देतो. तो प्लॅस्टिकचा थर आहे, घासताना गरम होऊन रबरासारखा गोळे होत निघतो. पोस्टर कलरची एकच अडचण म्हणजे पाणी लागलं की विरघळतो, म्हणून नंतर पाण्याची शाई नको. मेणाचे क्रेयॉन किंवा रंगीत पेन्सिल चालते.

कुठे थांबायचं

कड उजेडासमोर धरल्यावर पलीकडचा प्रकाश दिसायला लागला की त्या जागी आणखी एक हातही नको. लव फारच आली असेल तर दुरुस्तीच्या मागे न लागता पट्टी लावून १ मिलिमीटर कापा आणि नव्याने सुरू करा. थोडी असेल तर बटर पेपर ठेवून त्यावरून चमच्याची पाठ घट्ट फिरवा, बसते.

मूळ जुना फोटो, आजीचं पत्र, जुनी लग्नपत्रिका किंवा दस्तऐवज कार्डात वापरायचा असेल तर त्याला पॉलिश पेपर लावू नका. स्कॅन करून लेझर प्रिंट काढा आणि ती घासा. मूळ कागद आधीच ठिसूळ, पिवळा किंवा बुरशीचा असेल तर स्वतः खोडरबरही चालवू नका, कागदाचं संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडे द्या. झालेलं नुकसान परत येत नाही.

शंभर-दोनशे लग्नपत्रिकांची ऑर्डर हाताने घासायला घेऊ नका. शेवटच्या पन्नास पहिल्या पन्नासांसारख्या दिसत नाहीत. फक्त कडा विटक्या हव्या असतील तर बाइंडरकडे गठ्ठा प्रेसमध्ये आवळून कडा एकदम घासून मिळतात. कार्डाच्या दर्शनी बाजूवरही जुनाटपणा हवा असेल तर एक कार्ड मनासारखं घासून ते ६०० डीपीआयने स्कॅन करा आणि छापखान्यात द्या.

दमा असलेल्या माणसाने हे काम करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. इतरांनीही एका बैठकीत दहा-बारा कार्डांपुढे जायचं असेल तर एन ९५ मास्क लावा, पंखा बंद ठेवा आणि टेबल ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडूने नाही. डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याने धुऊनही टोचत राहिला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.